गूळ आधी पडला

बमरोली, सुरत
१९ नोव्हेंबर २०२४

कुसुमअक्का, पाया पडते.

तुमचे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही. रागावू नका. उचलला असता तर तुमच्या भावाने हाही मोबाईल बादलीत टाकला असता. एक गेलाच आहे. त्यांना वाटतं, फोनमध्ये आपलं बोलणं भरून घेतात आणि लूमच्या खात्यात, यंत्रमागाच्या त्या कारखान्यात, शेठला ऐकवतात. आमची एकच खोली, लपून बोलायचं तरी कुठे? म्हणून दुपारच्या सुट्टीत साडीच्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहिते आहे. उत्तर घरी पाठवू नका. मी जिथे साड्यांची घडी-पॅकिंग करते त्या कारखान्याचा पत्ता खाली दिलाय, तिथे पाठवा.

तुम्ही विचारलं होतं, त्यांचं काम का सुटलं. मंदी आहे अक्का, अर्धी खाती बंद पडलीत. त्यात त्यांची तब्येत. एवढंच.

तब्येतीचं मात्र खरं सांगते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी स्किझोफ्रेनिया म्हणून सांगितलंय. कानात माणसं बोलतात, ते एक. गोळ्यांनी ते कमी झालंय. पण दुसरं एक आहे, ते मला आधी कळलंच नव्हतं. रोजच्या कामाचा क्रम त्यांच्या हातून सुटतो. चहा कसा करतात ते त्यांना विचारा. पाणी, साखर, पत्ती, दूध, गाळणं, सगळं नीट सांगतील. पण करायला उभे राहिले की आधी काय आणि मग काय, हे डोक्यात राहत नाही.

दिवाळीनंतरच्या सोमवारी हिरलसाठी चहा करायला उठले. गॅसची कळ फिरवली. लायटर घ्यायचा, तर कपबशा धुवायला बसले. मग दूध नाही म्हणून दार ओढून खाली गेले. पोर शाळेतून आली, दार उघडलं, आत अंधारलेलं म्हणून लाइट लावायला गेली. तिचा हात बटणावर होता. शेजारच्या पुष्पाबाईंना वास आला होता, त्यांनी तो हात वरच्या वर धरला.

आठ वर्षांची पोर आहे माझी, अक्का.

घरमालक म्हणतो, उतराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या आत ह्या माणसाला गावी पाठवा, नाहीतर खोली खाली करा. मी त्यांना कुठेही पाठवणार नाही. दुसरी खोली बघते आहे. हे पत्र वाचून फाडून टाका. जयश्रीचं लग्न जमवायचंय तुम्हाला, गावात कुणाच्या कानावर जायला नको.

तुमची
वर्षा


मांडळ, ता. अमळनेर
२८ नोव्हेंबर २०२४

वर्षा, सुखी राहा.

पत्र वाचलं आणि चुलीत टाकलं. तू फाड म्हणालीस, मी जाळलं.

आता माझं ऐक. आठ-आठ लूम एकटा चालवणारा माझा भाऊ, त्याला चहा जमत नाही म्हणतेस? अगं, पुरुष माणूस, आयुष्यात कधी चुलीपुढे उभा राहिला नाही. तू सकाळी डबा घेऊन निघून जातेस आणि पोरीचं दूधपाणी त्याच्या गळ्यात घालतेस. चुकणार नाही तर काय? काम गेलं म्हणून माणूस खचलाय. त्याला तू दवाखान्यात नेऊन मोठ्या नावाचा रोग चिकटवून आणलास. नाव ठेवलं की रोग घरचा होऊन बसतो.

आमच्या घराण्यात असलं काही कधी नव्हतं. आजा शंभरीला टेकला, त्याला मरेपर्यंत गुरांची नावं पाठ होती. माझ्या हेमराजला मी पाचव्या वर्षापासून वाढवलंय, आई गेली तेव्हा मी पंधराची होते. मला माहीत नाही आणि तुला कळलं, असं कसं? त्याला इकडे आणून सोड. चार दिवस दादर ज्वारीची भाकरी खाईल, घरचं दूध पिईल, मोकळ्या हवेत बसेल. महिन्याभरात ताठ उभा करून दाखवते.

माझ्या फोनची काळजी करू नकोस. तो आला की बंद करून धान्याच्या कोठीत ठेवीन.

कुसुम


बमरोली
९ डिसेंबर २०२४

अक्का, पाया पडते.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

चहाचं सोडा. आंघोळीचं ऐका. साबण लावतात, मग अंग पुसतात, मग पाणी घेतात. कधी अंगावर शर्ट असतानाच पाणी. वाण्याकडे साखरेला पाठवलं तर पैसे देतात, नमस्कार करतात आणि रिकामे परत येतात. विचारलं की म्हणतात, झालं ना काम. त्यांच्या मनात ते झालेलंच असतं. कधी मध्येच भलतंच काम घुसतं. भाजी फोडणीला टाकली, की कढईभोवती फिरून वाकून वाकून बघतात. मी म्हटलं, काय शोधताय? तर म्हणाले, तार तुटली असेल. लूमवर तुटलेले धागे शोधायचं जे वीस वर्षं केलं ते भाजीत येऊन बसतं. तोवर भाजी करपते.

मी आधी भिंतीवर कागद लावला. एक, दोन, तीन, असं लिहून. उपयोग शून्य. चार वाचून झालं की ते परत दोनवर जायचे, नाहीतर सातपासून सुरू करायचे. वर मला विचारायचे, तू मला शाळेत घातलंस का? दवाखान्यात एक मुलगी येते, उजळणी करून घेते, ती म्हणाली, कागद काढा. त्यांना आठवायला लावू नका. लागणाऱ्या वस्तू ओट्यावर डावीकडून उजवीकडे ओळीने मांडा आणि शेजारी उभ्या राहा. एक वस्तू झाली की पालथी घालायची. 'का' विचारायचं नाही, 'चुकलं' म्हणायचं नाही, फक्त पुढचं सांगायचं. तसं केलं की होतं, अक्का. मागच्या रविवारी माझ्यासमोर चहा नीट केला. हिरलने पिऊन ढेकर दिला तर हसले. दोन महिन्यांनी हसले.

पण शेजारी उभं कोण राहणार? मी आठ तास कारखान्यात. लग्नसराईचा माल निघतोय, एक खाडा झाला तर माझ्या जागी बसायला दहा बायका दारात आहेत. आणि खोली मिळत नाही. तीन ठिकाणी हो म्हणाले, मग बमरोलीतल्या कुणीतरी गॅसचं सांगितलं आणि नाही म्हणाले.

म्हणून पाठवते आहे. मनाविरुद्ध पाठवते आहे हे लिहून ठेवते. वीस तारखेला मांडळचा सुकदेव गावी निघालाय, त्याच्यासोबत येतील. गोळ्यांची पिशवी सुकदेवकडे आहे, सकाळी एक, रात्री दोन, त्या बंद करायच्या नाहीत. एकटं कशाजवळ सोडायचं नाही. एवढ्या दोनच गोष्टी.

वर्षा


मांडळ
२ जानेवारी २०२५

वर्षा, सुखी राहा.

तुझा नवरा मजेत आहे. ओट्यावर ऊन खात बसतो, दोन भाकरी जास्त खातो, म्हशीच्या पाठीवर हात फिरवतो. गावात कुणाला काही वाटलं नाही. सुरतेहून सुट्टीवर आलाय म्हणून सांगितलं. बोलतो कमी, पण तो कधी बोलका होता? मी त्याच्या हातात कामं देते, बायकोसारखं बोट धरून चालवत नाही. सकाळचा चहा तोच करतो आता. बघ, आठ दिवसांत फरक.

पण घरात दुसरंच सुरू झालंय. दूध फाटतं. ह्या आठवड्यात चार वेळा. म्हैस घरची, धार माझ्या हातची, भांडं राखेने घासलेलं, आणि चहा गाळायला घ्यावा तर नुसत्या गाठी. जयश्रीला बघायला पाहुणे यायचे आहेत आणि घरात दूध नासतंय. नजर आहे कुणाची तरी. मी भगताला बोलावलं. त्याने उंबऱ्याला लिंबू बांधलं आणि विचारलं, घरात बाहेरचं काय आलंय? मी म्हटलं, बाहेरचं म्हणजे ह्या गोळ्याच. त्याने मान डोलावली.

तशाही त्या गोळ्यांनी तो दिवसभर पेंगतो. नऊ दिवस झाले, सकाळची बंद केली आहे. रात्रीच्या दोनातली एक देते. लगेच तोंड वाकडं करू नकोस. माझा भाऊ आहे, वाईट करणार नाही.

कुसुम


बमरोली
८ जानेवारी २०२५

अक्का,

पाया पडायला वेळ नाही. पत्र आजच मिळालं, आत्ताच लिहिते.

नजर नाही. गूळ आहे तो. तुमच्याकडे गुळाचा चहा. दूध उकळून भांडं खाली उतरवलं की तुम्ही गूळ घालता, आधी नाही, कारण दुधाबरोबर गूळ उकळला की दूध फाटतं. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. पण त्यांच्या हातून गूळ आधी पडतो. सुरतेत आम्ही साखर घालतो. साखर आधी पडो की नंतर, चहा तो चहाच. म्हणून इतके दिवस मलासुद्धा हे दिसलं नाही. तुमच्या भगताने लिंबू गुळाच्या डब्याला बांधायला हवं होतं.

उद्या सकाळी शेजारी उभ्या राहा आणि गुळाचा डबा हातात धरून ठेवा. भांडं खाली आलं की द्या. दूध फाटलं तर माझं नाव बदला.

आणि गोळ्या. अक्का, हात जोडते, आजपासून पूर्ण सुरू करा. चार महिन्यांत जमलेलं नऊ दिवसांत जाईल. तुमचा फोन कोठीत बंद, म्हणून सुकदेवच्या घरी फोन करणार होते, पण गोळ्यांचं बोलायचं तर सगळं सांगावं लागेल आणि गावभर होईल. जयश्रीचं मोडलं तर पाप मला. म्हणून हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे.

अजून एक. तुमच्या गोठ्यात कडब्याची कुट्टी करायचं मशीन आहे ना, त्याच्याजवळ त्यांना जाऊ देऊ नका. का ते विचारू नका. जाऊ देऊ नका, एवढंच.

वर्षा


मांडळ
१७ जानेवारी २०२५

वर्षा, सुखी राहा.

माझा चष्मा फुटलाय म्हणून जयश्रीकडून लिहून घेते आहे. पत्र परवा मिळालं. तू म्हणालीस तसं केलं, गूळ मी धरून ठेवला, दूध फाटलं नाही. ह्यात तू शहाणी ठरलीस. गोळ्याही सगळ्या देते आहे. हेमराज बरा आहे. इकडे काळजीचं काही नाही. तुमची ताटातूट फार दिवसांची नाही.

कुसुम

मामी, आई म्हशीला पाणी दाखवायला गेलीय म्हणून हे खाली लिहिते. तिचा चष्मा फुटलेला नाही. अकरा तारखेला कुट्टीच्या मशीनमध्ये कडबा अडकला होता. आईने मशीन बंद केलं आणि आत हात घालून ओढत होती. मामांनी बटण दाबलं. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली. तुमचं पत्र चार दिवसांनी आलं. आई दवाखान्यात सगळ्यांना सांगते, माझीच चूक, मीच चालू ठेवलं. मामा त्या दिवसापासून गोठ्यात गेलेले नाहीत, जेवायला बोलावलं तरी भिंतीकडे तोंड करून बसतात. आईने सांगू नको म्हटलंय. मला राहवलं नाही. – जयश्री


बमरोली
२२ जानेवारी २०२५

अक्का,

जयश्रीला रागावू नका. तिने जे केलं ते मी सप्टेंबरमध्ये करायला हवं होतं.

मंदीने त्यांचं काम सुटलं नाही. खात्यात नितीन नावाचे मास्तर आहेत, लूम बिघडला की दुरुस्त करणारे. लूम बंद करून ते आत हात घालून बसले होते. हे शेजारी उभे. ह्यांनी कळ दाबली. नितीनमास्तरांच्या मनगटाचं हाड मोडलं. शेठने विचारलं, का दाबलीस? तर म्हणाले, तार जोडून झाली होती, मग लूम चालू करायचा असतो. त्यांच्या डोक्यात जोडून झाली होती. समोर माणसाचा हात आहे हे दिसत होतं त्यांना, अक्का. दिसत होतं. पण डोक्यातलं 'मग' पुढे निघून गेलं होतं. पुन्हा खात्यात पाऊल टाकायचं नाही ह्या बोलीवर शेठने तक्रार केली नाही.

हे मी तुम्हाला लिहिलं असतं तर तुम्ही मशीनला कुलूप घातलं असतं. मी 'का ते विचारू नका' लिहिलं. कसली अक्कल चालवली मी. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, बायको नवऱ्याला खुनी ठरवते. आणि खरं सांगायचं तर मलाच लाज वाटत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ह्या मुठीत तुमची बोटं गेली.

तुमचा हात मी माझ्या हाताने मोडल्यासारखं वाटतंय. शिक्षा काय द्यायची ती द्या, पण त्यांच्यावर राग काढू नका. भिंतीकडे तोंड करून बसतात तेव्हा त्यांना सगळं कळलेलं असतं.

वर्षा


मांडळ
३ फेब्रुवारी २०२५

वर्षा,

हे मी स्वतः लिहिते आहे, डाव्या हाताने. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, पण हे जयश्रीकडून लिहून घेण्यासारखं नाही.

तुझ्यावर राग नाही. मला राग करायचा हक्क नाही. कारण ऐक.

तुझं गुळाचं पत्र आलं त्या दिवशी माझ्या हाताला पट्टी होती आणि मी पत्र वाचून हातातला चहा तसाच खाली ठेवला. जयश्रीला वाटलं, हात दुखतोय. वर्षा, आमच्या घरात दूध आधीही फाटायचं. मी बारा-तेरा वर्षांची होते. आई चहा करायची आणि फाटायचा. भाकरी थापायची, मग तवा उतरवायची आणि भाकरी हातात घेऊन उभी राहायची. भाजीत मीठ दोनदा. पाणी भरायला जायची ती घागर विहिरीवर ठेवून घरी यायची. आजी म्हणायची, कामचुकार आहे. बाप मारायचा. मग भगत म्हणाला, बाहेरचं आहे. सगळे तिला एकच विचारायचे, 'हे काय केलंस?' आता काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. मीही तिच्या हातून भांडं हिसकून घ्यायची.

ती तापाने गेली असं आम्ही तुझ्या माहेरी सांगितलं. पण त्याआधीच तिला तिच्या माहेरी पाठवलं होतं. बापाने एसटीत बसवली, म्हणाला, बरी झाली की आणू. आणायला कुणी गेलं नाही. तिकडेच वर्षभरात वारली. हेमराज पाचचा होता.

तुमचं लग्न जमवायला मीच पुढे होते. तुझ्या वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, घराण्यात काही आहे का? मी डोळ्याला डोळा देऊन नाही म्हटलं. तुलाही माझ्या पहिल्या पत्रात तेच लिहिलं. आजाला गुरांची नावं पाठ होती हे खरं आहे. पण आईचं मी गिळलं. भावाचं लग्न व्हावं म्हणून गिळलं, आता जयश्रीसाठी गिळत होते.

तुला काय वाटेल ते मला कळतं. मी बचाव करत नाही.

कुसुम


मांडळ
२ मार्च २०२५

वर्षा,

महिना झाला, उत्तर नाही. सुकदेवच्या बायकोकडून कळलं की तू हिरलला घेऊन नवापूरला माहेरी गेलीस आणि बमरोलीची खोली सोडलीस. हे पत्र तुझ्या माहेरच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझ्या वडिलांनी वाचलं तरी चालेल. त्यांचाही मी गुन्हेगार आहे.

तुला ये म्हणणार नाही. ज्या तोंडाने खोटं बोलले त्या तोंडाने काय म्हणू? फक्त घडलं ते सांगते.

अमळनेरला डॉक्टरकडे मी त्याला उघड घेऊन गेले. गावाला कळलं. पाहुण्यांनाही मीच आधी सांगितलं. त्यांनी विचार करतो म्हटलंय. करू देत. जयश्री म्हणाली, आई, आता तरी गिळू नकोस.

तू सांगितलंस तसं मी करते. वस्तू ओळीने मांडते, झालेली पालथी घालतो तो. 'का' विचारत नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, दिवसातून चारदा जीभ चावते. गोठ्याला कुलूप असतं. एकोणीस दिवस झाले, दूध फाटलेलं नाही. आंघोळ जयश्री दाराबाहेरून एकेक सांगते, तो आतून 'हो' म्हणतो. दोनदा चुकला, दोन्ही वेळा स्वतःच थांबला आणि 'आता?' म्हणून विचारलं. पूर्वी विचारत नव्हता.

मंगळवारी माझ्या हाताची पट्टी सोडत होता. तेही मी क्रम सांगत होते, कात्री, मग चिकटपट्टी, मग कापूस. बोटांच्या थोटकांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आक्का, माय बी आशीच व्हती ना?"

त्याला मी कधी सांगितलं नव्हतं. चार-पाच वर्षांचं पोर काय लक्षात ठेवणार, असं धरून चालले होते. तो म्हणाला, त्याला आई एसटीत बसताना आठवते. तिने चढायच्या आधीच बापाकडे हात करून निरोप घेतला, आणि लोक हसले, ते आठवतं. आणि दोन वर्षांपासून, म्हणजे तुला काही दिसायच्याही आधी, आपल्या हातून तसंच होतंय हे त्याला कळत होतं.

मी विचारलं, मग वर्षाला का नाही सांगितलंस? "मी वर्षाले सांगं नही. ती चालनी जाई."

तू जाशील म्हणून, वर्षा. तुला दवाखान्यात खेटे घालायला लावले, तुझी बोलणी खाल्ली, पण हे सांगितलं नाही. आम्ही तिघंही एकाच गोष्टीला भीत होतो आणि तिघांनी ती आपापल्या कोपऱ्यात लपवली. तू नवापूरला गेलीस हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. रोज विचारतो, पत्र आलं का.

तू नाही आलीस तर तो माझ्याकडे राहील. त्याला मी कुठल्याच गाडीत बसवून पाठवणार नाही. पण त्याला काय सांगू, तेवढं लिही. खोटं सांगायचं नाही असं मी ठरवलंय आणि खरं मला माहीत नाही.

कुसुम


कोसाड, सुरत
११ मार्च २०२५

अक्का,

तुमचं आधीचं पत्र कारखान्यात उभ्या उभ्या वाचलं. साडीची घडी चुकली, आठ वर्षांत पहिल्यांदा. माझ्यासाठी राग आला नाही. हिरलसाठी आला. तिच्या अंगात काय असेल हे मला कळायचा हक्क नव्हता का? घरमालक त्यांना परत खोलीत घेणार नाही म्हणाला, ते निमित्त झालं, मी तिचं दप्तर आणि कपडे भरले आणि नवापूरची गाडी धरली. परत न येण्यासाठी गेले होते, हे सरळ सांगते. तुमच्याशी आता आडपडदा नको.

बाबा चिडले. म्हणाले, सोडचिठ्ठी घे, मी आहे. आई म्हणाली, बरंच झालं. मला कुणी वाईट म्हटलं नाही, आणि तिथे राहणं सोपं होतं. हिरल मात्र रोज विचारायची, पप्पांच्या शेजारी कोण उभं राहतं? मी म्हणायची, कुसुमआत्या. ती म्हणायची, त्यांना येतं का?

मग तुमचं दुसरं पत्र आलं. ते मी बाबांसमोर मोठ्याने वाचलं. तेराव्या वर्षी आईच्या हातातलं भांडं ओढणारी बाई आज गुळाचा डबा धरून उभी राहते, हे मी दोनदा वाचलं. एसटीचं आलं तेव्हा बाबा उठून बाहेर गेले. संध्याकाळी येऊन म्हणाले, तुझं तू ठरव.

दवाखान्यात जाऊन आले. हिरलचं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरात आहे म्हणून तिला होईलच असं नाही, पण लक्ष ठेवा, आणि लपवू नका. कोसाडला खोली मिळाली आहे. मालकाला त्यांचा आजार आधीच सांगितला, गॅसचंही सांगितलं. तो म्हणाला, गॅस ठेवू नका, विजेची शेगडी ठेवा. तशी घेतली, आपोआप बंद होते. कारखान्यात मी सकाळची अर्धी पाळी मागून घेतली. उरलेला अर्धा दिवस कोण उभं राहणार, हा प्रश्न आहेच. तुमची म्हैस जयश्री सांभाळू शकेल का, हे तुम्हीच बघा. मी आग्रह करत नाही. राग गेलेला नाही, तो राहील, त्याच्यासकट या.

बावीस तारखेला शनिवार आहे. अमळनेरहून निघा, मी आणि हिरल उधना स्टेशनवर असू. तिकीट त्यांच्या हाताने काढू द्या, तुम्ही मागे उभ्या राहा. आधी पैसे, मग तिकीट, मग ते खिशात. घाई करू नका, गाडी चुकली तर दुसरी आहे.

त्यांना काय सांगू म्हणून विचारलंत. त्यांना सांगा, वर्षा गेली होती. मग परत आली. दोन्ही सांगा, आणि ह्याच क्रमाने सांगा.

वर्षा